अप्पारावाचं वाकडं तोंड

१

सोमवारी सकाळी पुण्यातल्या एका बैठकीत अप्पारावाने दहा माणसांसमोर वर्तक साहेबांचा अपमान केला, आणि दुपारचे बारा वाजायच्या आत ते पाप तन्वीरच्या माथी येऊन बसलं.

अप्पाराव हा हाडामांसाचा माणूस नव्हे. मोबाइलवरच्या एका खेळातला तो म्हातारा पाणाड्या, जमिनीखालचं पाणी सांगणारा. खेळणाऱ्याने दुष्काळी गावात विहिरीसाठी जागा शोधायची, आणि अडलं की अप्पारावाला विचारायचं. मग तो फेटा सावरतो, ओठ हलवतो आणि दोन वाक्यं बोलतो. खेळ पुण्याच्या एका कंपनीचा, तिथले साहेब वर्तक. पण अप्पारावाला तोंड दिलं ते आमच्या उस्मानपुऱ्यात, मधुसूदन लासूरकरच्या स्टुडिओत.

स्टुडिओ 'आमचा' नुसता म्हणायचा, मी तिथली नोकरदार नाही. कर्णबधिर मुलांच्या शाळेत तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेली मी बाई, कालिंदी पिंपळनेरकर. मधुसूदनची धाकटी बहीण अश्लेषा माझी विद्यार्थिनी. तिला टीव्हीवरच्या कार्टूनचे ओठ कधीच वाचता यायचे नाहीत, कारण ते नुसते उघडझाप करतात. त्यावरून मधुसूदनने हट्टच धरला, की आपल्या स्टुडिओतली पात्रं अशी बोलतील की बहिऱ्या माणसालाही कळेल. म्हणून मंगळवारी आणि शुक्रवारी मी तिथे जाते. आवाज बंद करून पात्रांचे ओठ वाचते. वाक्य कळलं नाही, तर क्लिप परत. त्यामुळे सगळे मला जरा घाबरून असतात, आणि ते बरंच आहे.

ही गोष्ट २०१९ च्या मे महिन्यातली. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं आणि नळाला आठव्या दिवशी पाणी यायचं. मी पिंपात दुपारच्या भांड्यांपुरतं पाणी उरलंय का ते बघत होते, तेवढ्यात मधुसूदनचा फोन आला.

"बाई, आत्ता येता का? एक ओठ ओळखून द्यायचाय."

"कुणाचा?"

"आपल्यातल्याच एकाचा," तो म्हणाला.

२

स्टुडिओ म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत दोन टेबलं जोडून मांडलेली, एका बाजूला पात्रांचे ओठ करणारा तन्वीर, समोर मधुसूदन. नऊ वर्षं हे दोघे असेच समोरासमोर बसत आले होते. भिंतीलगत तन्वीरच्या हाताखाली काम करणाऱ्या मृण्मयीचं टेबल. आतल्या खोलीत मंदार, जो आवाज रेकॉर्ड करतो आणि यंत्रं सांभाळतो. चौघांचा सगळा कारभार. कुलूप एक आणि किल्ल्या चार.

मधुसूदनने क्लिप लावली. पुण्याला पाठवलेल्या चाळीस क्लिपांपैकी ही सतरावी. तिच्यात अप्पारावाने खरं म्हणायचं होतं, 'पोरा, इथं खणू नको, खाली नुसता खडक आहे.' त्याऐवजी तो कॅमेऱ्याकडे रोखून बघत म्हणाला, "वर्तक सायब, एसीत बसून तहान नाय कळायची. एकदा हंडा घिऊन रांगंत उभं ऱ्हा, मंग मला शिकवा."

आणि हे म्हणताना त्याच्या ओठाचा एक कोपरा लोंबत होता.

कुणी पडद्याकडे बघेना. सगळे तन्वीरकडे बघत होते, आणि तन्वीर जमिनीकडे.

तन्वीरला तीन वर्षांपूर्वी चेहऱ्याच्या नसेचा आजार झाला. अर्धं तोंड वाकडं झालं. औषधाने पुष्कळसं सुधारलं, पण ओठाचा डावा कोपरा तेवढा खाली राहिला. त्यात या कामाची एक रीत आहे. वाक्य आधी स्वतः बोलून बघायचं, ओठ कसा वळतो, गाल कुठे ताणतो ते पाहायचं, आणि तसंच पात्राला करायला लावायचं. करणाऱ्याचं तोंड पात्रात उतरतंच. एका घरातल्या पोरांचं हसणं सारखं असतं, तसं एकाच्या हातची पात्रं बोलायला सारखी असतात.

"वर्तक साहेबांनी स्वतः फोन केला," मधुसूदन म्हणाला. "म्हणाले, आवाज कुणाचाही असो, तोंड तुमच्या तन्वीरचं आहे. मागच्याच महिन्यात त्यांनी तासभर समोर बसून त्याच्याशी गप्पा मारल्या होत्या."

"तन्वीरचं काय म्हणणं आहे?"

"मी नाही केलं, बाई," तन्वीर म्हणाला. "आणखी काय म्हणू?"

मधुसूदनने माझ्यापुढे कोरा कागद ठेवला. "बुधवारी पाचपर्यंत साहेबांना नाव पाहिजे. तुम्ही दोन ओळी लिहून द्या, की हे ओठ तन्वीरच्या हातचे आहेत. तुमच्या अक्षराला मान आहे. हातच्या कांकणाला आरसा कशाला? पण साहेबांना कागद लागतो."

"आणि मग तन्वीरचं?"

"तन्वीर कुठं जात नाही. माफीचं पत्र देईल, मी सांभाळून घेईन. माणूस चुकतो कधी."

चांगला मालक, असं तेव्हा मला वाटलं. पण अशा माफीनंतर तन्वीरची पत काय राहील हे मला कळत होतं. ह्या धंद्यातली सगळी माणसं एकमेकांना ओळखतात. क्लायंटला शिवी घालणारा म्हणून एकदा नाव झालं, की बजाजनगरच्या भावाकडे राहून वाळूजच्या कारखान्यात शिफ्ट धरण्यावाचून त्याला गत्यंतर नव्हतं. पदरात दोन मुलं होती.

मी कागदावर तारीख घातली. पेन तिथेच थांबलं. क्लिप आणखी एकदा आवाज बंद करून बघितली. सगळं वाक्य पहिल्या फटक्यात वाचता आलं, कुठेही अडखळले नाही.

तेच मला खटकलं. का खटकलं ते मात्र सांगता येईना.

"बुधवारी देते," म्हणाले, आणि कागद पर्समध्ये टाकला.

३

मंगळवारी मी लवकर गेले. तन्वीर एकटाच होता. टेबलाशी टांगलेल्या गोल आरशात बघून तो अप्पारावाचं 'धोंडा' म्हणत होता. आळ आलेला असतानाही माणूस कामाला लागला होता.

"शनिवारी दुपारी कुठे होतास?" मी सरळ विचारलं. फाइलवर तारीख पडते. ती क्लिप शनिवारी दुपारी तीन ते साडेपाच या वेळात इथल्याच यंत्रावर बनली होती, हे मंदारने कालच दाखवलं होतं.

"घरी, रोशनगेटला. तीनला पाणी येणार होतं. मी आणि उजमा हंडे मांडून बसलो. पाणी आलंच नाही, रविवारी पहाटं आलं." तो जरा हसला. "आलं असतं तर अख्खी गल्ली साक्षीला होती, बाई. बारा घरांचा एक नळ आहे. नाही आलं तर सगळे आपापल्या घरात. आता बीवीची साक्ष कोण धरतं?"

"ते वाक्य आलं कुठून? आवाज तर कडुबाचाच आहे, अप्पारावाला नेहमी आवाज देतो त्याचा."

"कडुबाकाका खरंच बोलले होते ते. वर्तक साहेबांनी फोनवरून तहानेचं एकच वाक्य सत्तावीस वेळा म्हणून घेतलं. फोन ठेवल्यावर काका भडकले. मंदारचं रेकॉर्डिंग चालूच होतं. आम्ही चौघं पोट धरून हसलो. मग ते यंत्रावर तसंच पडून राहिलं."

म्हणजे आवाज चौघांच्याही हाताशी होता.

"वर्तकांवर तुझा राग आहे का?"

"राग कशाला? उलट..." तो दाराकडे बघून हळू बोलला. "त्यांनी मला पुण्याला बोलावलंय. त्यांच्याकडं सगळ्या पात्रांचा प्रमुख म्हणून. हे फक्त उजमाला आणि मधुसूदन सरांना माहीत आहे. सरांना मी गुरुवारी सांगितलं. नऊ वर्षं ज्यांच्यासमोर बसलो, त्यांना मागाहून कळू नये."

"काय म्हणाले सर?"

"म्हणाले, मुबारक. मग चहा मागवला आणि घेतलाच नाही."

ज्या माणसाकडे मोठ्या पगारावर जायचं, त्यालाच भर बैठकीत शिवी? आणि तीही आपल्याच तोंडाने? एवढं खुळं कुणी नसतं. पण हे वर्तकांना सांगून उपयोग नव्हता. ते म्हणाले असते, डोकं फिरलं असेल. मला कागदावर लिहिता येईल असं काहीतरी हवं होतं.

मी त्याला 'धोंडा' पुन्हा म्हणायला लावलं आणि त्याच्या मागे उभी राहून आरशात बघितलं. मग पडद्यावर बघितलं. मला खटकत होतं ते तिथे समोरच होतं. मी तन्वीरला काहीच बोलले नाही, कारण अजून तीन माणसं उरली होती.

४

मृण्मयीला मी जिन्यात गाठलं. पोरगी हुशार, जीभ तिखट.

"तन्वीर गेला तर त्याची जागा तुला मिळेल," मी म्हणाले.

"मिळेल की. हवीच आहे मला," ती म्हणाली. "पण अशी नको. आणि बाई, मी जर त्याची नक्कल केली असती ना, तर तुम्हाला सापडली नसती."

"एवढी घमेंड?"

"घमेंड कसली? आठ महिने रोज संध्याकाळी तेच करते मी. तन्वीरभाईंच्या प्रत्येक क्लिपमध्ये ओठाचा कोपरा उतरतो, तो मी उचलून सरळ करते. त्यांनीच सांगितलंय. मग ती क्लिप सरांकडे जाते. अप्पारावाचा तो कोपरा मला झोपेतसुद्धा सापडेल."

"सरळ करायच्या आधीची क्लिप कोण कोण बघतं?"

"तुम्ही, मी आणि तन्वीरभाई. मंदारला चित्राशी देणंघेणं नाही. सरांकडे सरळ झालेलीच जाते."

"सतरावी क्लिप तू नीट बघितलीस का?"

"कुठे? सरांनी काल एकदा लावली आणि बंद केली. मी तर तन्वीरभाईंकडंच बघत होते." ती खाली बघून म्हणाली, "सगळेच बघत होतो. लाज वाटली मग."

मंदार आतल्या खोलीत पंख्याखाली बसला होता. कूलर होता, पण त्यात घालायला पाणी नव्हतं. तन्वीर त्याचं रेकॉर्डिंग दहादा परत करायचा, त्यामुळे दोघांचं फारसं पटत नसे, हे सगळ्यांना माहीत होतं.

"शनिवारी मी फर्दापूरला होतो, बाई," तो म्हणाला. "कडुबाकाकांचे राहिलेले संवाद घ्यायला. सकाळी दहाला निघालो, रात्री आठला बजाजनगरला घरी. लई ऊन होतं. आणि मला म्हणाल चित्र काढ, तर मला धड मांजर काढता येत नाय. आवाजाचं काम तेवढं माझं."

मी त्याच्यासमोरच कडुबाला फोन लावला. कडुबा अजिंठ्याच्या लेण्यांच्या पायथ्याशी रंगीत दगड विकतो, आणि आवाज असा, की डोंगर उत्तर देईल.

"व्हय, हितंच व्हता पोरगा," कडुबा म्हणाला. "दुपारी माझ्या घरी जेवला, पाच वाजंपोत्तर मला बोलवून बोलवून घसा बसवला. का वो बाई? कुणाचं काय गेलं?"

"तुमचं बोलणं गेलं, कडुबा. साहेबांच्या कानावर."

"कोन्तं? हंड्याचं?" तो म्हणाला. "मंग खोटं काय बोललो व्हतो मी?"

खोटं काहीच नव्हतं. फोन ठेवला आणि हिशेब केला. मंदार फर्दापूरला. मृण्मयीला तन्वीरचा ओठ पाठ, आणि नेमकं म्हणूनच ती सुटत होती. तन्वीर आरशामुळे सुटत होता. आता उरला होता एकच माणूस, आणि त्या माणसाला मी, तो दहा वर्षांचा असल्यापासून, ओळखत होते. बहिणीला शाळेत सोडायला यायचा. वर्गाबाहेरच्या पायरीवर बसून राहायचा, घरी जायचाच नाही.



५

मधुसूदन बीड बायपासला नव्या इमारतीत राहायला गेला होता. आठ मजले, लिफ्ट, खाली बगीचा, आणि नळजोडणीच नाही. सगळी इमारत टँकरवर. असली एक इमारत त्या वर्षी दर महिन्याला उभी राहत होती, आणि पाणी कुठून येणार हे कुणी विचारत नव्हतं.

बुधवारी सकाळी मी अश्लेषाला भेटायला गेले. ती दादाकडेच असते, घरून शिवणकाम करते. आम्ही खुणांनी आणि ओठांनी बोलतो, त्यामुळे शेजारच्या खोलीत कुणी असलं तरी काही बिघडत नाही. मधुसूदन स्टुडिओत गेला होता.

मी इकडचं तिकडचं विचारलं. शनिवारी टँकर आला होता का, असंही विचारलं. कारण सोमवारी निघताना मधुसूदन आपणहून म्हणाला होता, "शनिवारी मी दुपारभर घरी टँकरची वाट बघत होतो." त्याला तोवर कुणी काही विचारलंसुद्धा नव्हतं. तेव्हा मी लक्ष दिलं नव्हतं.

अश्लेषाने हात हलवून सांगितलं, "आला होता, चारला. मीच खाली जाऊन सही केली. दादा नव्हता. ऑफिसात होता, अंधार पडल्यावर आला. खूप दमलेला. डोळे लाल." मग माझ्याकडे नीट बघून तिने विचारलं, "का? काही झालंय का?"

हिच्या लहानपणी मीच हिला शिकवलं होतं, की खोटं बोलताना माणसाचे ओठ घट्ट होतात. आता तीच माझे ओठ बघत होती. मी पाण्याचा पेला तोंडाला लावला आणि म्हणाले, "नंतर सांगते."

६

चार वाजता स्टुडिओत सगळे जमले. मधुसूदनने कागद मागितला. मी त्याऐवजी पर्समधून खडूचा तुकडा काढला. तीस वर्षांची सवय, तो असतोच.

"मधुसूदन, माझ्याकडे बघ." मी खडूने माझ्या डाव्या गालावर ठिपका काढला. "ठिपका तुला कुठल्या हाताला दिसतो?"

"माझ्या उजव्या हाताला."

"बरोबर. आपण समोरासमोर बसलोय. आता तू माझ्या मागे ये आणि या आरशात बघ."

तो आला. आरशातला ठिपका डाव्या हाताला होता. माझाही डावा आणि त्याचाही डावा.

"तन्वीरचा डावा कोपरा खाली आहे," मी म्हणाले. "त्याच्याकडे बघणाऱ्या माणसाला तो उजवीकडे दिसतो. पण तन्वीर स्वतःकडे कधी बघतो? फक्त आरशात. तिथे तो कोपरा त्याला डावीकडे दिसतो, आणि दिसतं तसं तो पडद्यावर उतरवतो. म्हणून तन्वीरच्या हातच्या प्रत्येक पात्राचं तोंड पडद्याच्या डाव्या बाजूला उतरतं. मृण्मयी, तू रोज कुठला कोपरा उचलतेस?"

"पडद्याचा डावा," मृण्मयी म्हणाली, आणि लगेच उठून तिने सतरावी क्लिप लावली.

अप्पारावाचं तोंड उजवीकडे लोंबत होतं.

"सोमवारी मला हे वाक्य भलतंच सोपं गेलं," मी म्हणाले. "तन्वीरच्या क्लिपा वाचताना मला डाव्या कोपऱ्याशी नेहमी थोडं अडखळावं लागतं. इथे अडखळले नाही, कारण मी ज्यावरून ओठ वाचते तो डावा कोपरा धड होता. तन्वीरच्या हातून हे होणार नाही. मृण्मयीने नक्कल केली असती तरी तिने डावाच कोपरा पाडला असता, आठ महिने तोच उचलतेय ती. हे केलंय अशा माणसाने, ज्याने तन्वीरची कच्ची क्लिप कधी बघितलीच नाही. त्याने फक्त तन्वीरचा चेहरा बघितलाय. समोर बसून."

मंदार म्हणाला, "बाई, पण वर्तक साहेबांनीही समोरूनच बघितलं होतं ना?"

"म्हणून तर त्यांना पटकन ओळखू आलं. करणाऱ्याला तेच हवं होतं." मी मधुसूदनकडे वळले. "शनिवारचा टँकर अश्लेषाने घेतला, बाळा. सही तिची आहे."

खाली रस्त्यावर भाजीवाला ओरडत गेला. मधुसूदन खुर्चीत बसला आणि दोन्ही तळवे त्याने टेबलावर पसरले.

"मी त्याला काढणार नव्हतो," तो म्हणाला. "तेवढं तरी खरं माना. साहेब त्याला नाही म्हणाले असते, आणि तो इथंच राहिला असता. काम अर्ध्यावर आहे, मध्येच ते काढून घेणार नाहीत, एवढा अंदाज होता मला. माफी झाली की महिन्याभरात सगळे विसरले असते. बाई, या शहरात नळाला पाणी नाही. चांगलं माणूस मिळालं की पुण्याला जातं. हा गेला तर स्टुडिओत उरतं काय? पात्रं बोलतात ती याच्यामुळं. मी काय, कधीकाळी ओठ करायचो, आता नुसती बिलं करतो."

मला त्याची कीव आली आणि रागही आला, आणि दोन्हीतलं जास्त काय ते मला आजही सांगता येणार नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ, अशी गत झाली होती.

"वर्तकांना फोन लाव," मी म्हणाले. "पाच वाजायला अजून वेळ आहे."

७

फोन त्याने सगळ्यांदेखत लावला, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. काही लपवलं नाही. वर्तक साहेब आधी ओरडले, मग म्हणाले, "उरलेल्या क्लिपा वेळेवर द्या. पुढचं काम तुम्हाला नाही. तन्वीरला फोन द्या."

तन्वीरने लगेच घेतला नाही. त्याने मधुसूदनला विचारलं, "सर, ओठाला किती वेळ लागला?"

"अडीच तास."

"फोटो समोर ठेवून केलं?"

मधुसूदनने मान हलवली. "नाही. पाठ होतं."

तन्वीरने मान वळवली. मग माझ्याकडे बघून बोलला, कारण तिकडे बघून बोलणं त्याला जमेना.

"बाई, मी साहेबांना सोमवारी नाही म्हणणार होतो. उजमाशी त्यावरून भांडण चाललं होतं माझं. हे तोंड झालं तेव्हापासून जिथं जाईन तिथं लोक आधी ओठ बघतात आणि मग माझ्याशी बोलतात. दुकानात, लग्नात, सगळीकडं. माझी छोटी पोरगीसुद्धा. या टेबलावर तसं नव्हतं. मला वाटायचं, सरांना ते दिसतच नाही. म्हणून पुणं नको म्हणत होतो मी. एवढ्या एका गोष्टीसाठी."

मधुसूदन काहीतरी बोलायला गेला. त्याचे ओठ हलले, आणि मला वाचता आलं नाही.

तन्वीरने फोन घेतला. "जी साहेब," म्हणाला. "येतो. दहा जूनला. त्याआधी इथलं काम पुरं करून."

मला वाटलं होतं, खरं काय ते उघडं केलं की माणसाचं नाव सुटतं आणि आपलं काम संपतं. तन्वीरचं नाव सुटलं. पण सोमवारी मी नुसती सही करून टाकली असती तर हे दोघे अजून त्याच टेबलाशी बसलेले असते, हा विचार मला पुढे कित्येक दिवस छळत राहिला. सही न केल्याचा पश्चात्ताप मात्र नाही. छळ झाला, एवढंच.

दुसऱ्या दिवशी तन्वीरने आपलं टेबल उचललं आणि भिंतीकडे तोंड करून मांडलं. मंदारने हात लावला. तन्वीर रोज वेळेवर यायचा, अप्पारावाच्या उरलेल्या क्लिपा करायचा, संध्याकाळी मृण्मयीला कोपरे समजावून सांगायचा. मधुसूदन मागून हाक मारायचा, "तन्वीर, ही यादी एकदा बघतोस का?"

"जी सर," तो म्हणायचा आणि मागे हात करून कागद घ्यायचा. दहा जूनपर्यंत त्याने एकदाही वळून बघितलं नाही.